मुलूखगिरी : वसुली, लूट आणि भटकंती

‘मुलूखगिरी’ हा शब्द आज मराठीत बहुधा प्रसन्न मुद्रेने भेटतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतल्या भटकंतीच्या लेखांना तो शोभतो, गडकोट पालथे घालणाऱ्यांच्या बोलण्यात तो सहज येतो, परदेशी मैदानांवर मालिका जिंकून आलेल्या क्रिकेट संघाच्या बातमीला तो मथळा पुरवतो. गावोगावच्या खानावळी धुंडाळणारा खवय्यादेखील आपल्या उद्योगाला मुलूखगिरीच म्हणतो. शब्दात थोडी रग आहे, थोडा मोकळा वारा आहे, आणि घोड्याच्या टापांचा दूरवरून येणारा आवाज आहे. त्या टापा कोणाच्या शेतातून चालल्या होत्या, हा प्रश्न मात्र शब्दाच्या आजच्या अर्थातून पुसला गेला आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासकारांचा नाही. बखरी आणि ऐतिहासिक पत्रे आपण वर्गात वाङ्मय म्हणून शिकवतो. त्यांत ‘फौज मुलूखगिरीस गेली’ अशा धाटणीचे वाक्य आले की संपादकाला तळटीप द्यावी लागते. ती तळटीप बहुधा दोन प्रकारची असते. एक संपादक ‘स्वारी, विजयमोहीम’ असे लिहून मोकळा होतो. दुसरा, विशेषतः इंग्रजी ग्रंथांवर वाढलेला, ‘लूटमार’ असे लिहितो. पहिल्या अर्थात पैसा नाहीसा होतो, तर दुसऱ्यात हिशेब. माझ्या मते या शब्दात पैसा आणि हिशेब दोन्ही आहेत, किंबहुना त्यांच्या जोडीनेच तो शब्द बनला आहे. मुलूखगिरी ही मुळात घोड्यावर बसलेली वसुली होती. ती लूट केव्हा होते आणि केव्हा होत नाही हे ठरवणारा नियमही त्याच काळाच्या शब्दसंग्रहात सापडतो.

व्युत्पत्ती साधी आहे. अरबी ‘मुल्क’ म्हणजे राज्य, प्रदेश. फारसी ‘गिरफ्तन’ म्हणजे धरणे, घेणे. त्याचे कर्तृवाचक रूप ‘गीर’. मुल्क घेणारा तो मुल्कगीर आणि त्याचे काम ती मुल्कगीरी. फारसी दरबारी भाषेत हा भारदस्त शब्द होता, दिग्विजयाच्या जवळचा. अर्थाची सूक्ष्म थट्टा अशी की ज्या बादशहाविरुद्ध मराठ्यांनी सत्तावीस वर्षे झुंज दिली त्याची पदवी ‘आलमगीर’, म्हणजे जग घेणारा. आलमगीराचा ‘गीर’ आणि मुलूखगिरीतला ‘गिर’ हा एकच. आणखी खाली उतरलो तर ‘बारगीर’ भेटतो. बार म्हणजे ओझे, बारगीर म्हणजे ओझे घेणारा. मराठी फौजेत ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारी तो बारगीर. स्वतःचा घोडा बाळगून येतो तो शिलेदार. जग घेणारा, मुलूख घेणारा आणि ओझे घेणारा अशी ही एकाच धातूची उतरंड आहे. तिची शेवटची पायरी बंगालमध्ये कशी गाजली ते पुढे येईलच.

मराठीत मात्र या ‘गिरी’चे आणखी एक झाले. फारसीत ‘गर’ हा निराळा प्रत्यय आहे. तो करणारा या अर्थाचा. कारीगर, सौदागर यांत तो दिसतो, आणि त्याची भाववाचक ‘गरी’ होते. सिपाहगरीची आपण शिपाईगिरी केली आणि ‘गरी’ व ‘गीरी’ हे दोन प्रत्यय एका साच्यात ओतले. मग कामगिरी, मुत्सद्देगिरी, हेरगिरी, दादागिरी अशी रांग लागली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे ग्रंथनाम केले. आणि २००६ नंतर चित्रपटातून ‘गांधीगिरी’ही आली. या रांगेत उभे राहिल्यावर मुलूखगिरीतले ‘घेणे’ कानाला ऐकू येईनासे झाले. धंदा, वृत्ती, वागण्याची तऱ्हा एवढाच ध्वनी उरला. मुलूख हिंडण्याची वृत्ती ती मुलूखगिरी, असा अर्थ पुढे सहज रुळला याचे एक कारण या प्रत्ययांच्या गल्लतीत आहे, असे मला वाटते.

‘मुलूख’ शब्दाचाही मराठीतला प्रवास पाहण्यासारखा आहे. विजापूरच्या प्रसिद्ध तोफेचे नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणाचा धनी. मराठीने ती ‘मुलूखमैदान’ करून टाकली आणि पुढे फर्ड्या वक्त्यांना ती बहाल केली. आपण एखाद्याला ‘मुलखाचा आळशी’ म्हणतो तेव्हा साऱ्या देशात तोड नाही असा आळशी, हा भाव असतो. मुलूख हा शब्द मोठा, अघळपघळ, सीमा न सांगणारा. जुन्या कागदांत मात्र त्याला सीमा आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे: स्वराज्य हे आपले, आणि त्याच्या पलीकडचा तो परमुलूख.

ही सीमा सर्वांत स्पष्ट दिसते ती कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत. १६९७च्या सुमारास जिंजीत लिहिलेल्या या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे वार्षिक चक्र सांगितले आहे. पावसाळ्यात फौज छावणीला यावी. तिच्यासाठी दाणागोटा, वैरण, औषधे, घोड्यांचे तबेले तयार असावेत. दसरा होताच फौजेने बाहेर पडावे आणि आठ महिने परमुलखात राहून पोट भरावे, खंडण्या घ्याव्या. जाताना प्रत्येकाजवळ काय चीजवस्त आहे याची मोजदाद व्हावी; परत येताना सरहद्दीवर पुन्हा झाडा घ्यावा; जास्त निघाले तर ते सरकारात जमा व्हावे किंवा पगारातून वळते व्हावे. बायका सोबत नेऊ नयेत, परमुलखातल्या बायका-मुले धरू नयेत, गाय धरू नये, बैल घ्यावा तो ओझ्यापुरता. ब्राह्मणाला उपद्रव देऊ नये.

हा उतारा वाचताना बहुतेक भाष्यकार निर्बंधांवर थांबतात, आणि ते योग्यच आहे. सतराव्या शतकात असे निर्बंध लिहून ठेवणारी राज्ये फार नव्हती. पण उताऱ्याच्या मध्यभागी बसलेले वाक्य अर्थकारणाचे आहे. फौजेचे आठ महिन्यांचे पोट स्वराज्याच्या खजिन्यावर नाही. ते दुसऱ्याच्या रयतेवर आहे. सरहद्दीवरचा झाडा हा सैनिकाच्या नीतीची परीक्षा घेतो तसाच तो सरकारच्या जमेचे रक्षणही करतो. परमुलखातून आलेली प्रत्येक वस्तू ही सरकारची वसुली आहे. ती सैनिकाच्या खिशात राहिली तर मग चोरी होते. लूट आणि वसुली यांच्यातली पहिली रेघ ही अशी आहे, आणि ती घरच्या नोंदवहीत ओढलेली आहे.

याच काळातले महाराजांचे चिपळूणकडील छावणीतल्या अंमलदारांना गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मतितार्थ असा: पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळलीत तर पुढे वैरण मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाकर, गवत, भाजी आणू लागाल आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. रयतेची कणव आणि पुरवठ्याचा व्यवहार इतका एकजीव झालेला लेख मराठीत दुसरा शोधावा लागेल. पण सभासदाचा उतारा आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचले म्हणजे ध्यानात येते की कृती एकच आहे: फौजेने गावातून दाणे घेणे. चिपळुणात तो गुन्हा आहे, सरहद्दीपलीकडे ती राजनीती आहे. मुलूखगिरीचा अर्थ क्रियेत नसून स्थळात आहे. त्या काळच्या कोणत्याही राज्याचे असेच होते. शाएस्तेखानाची फौज तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसली तेव्हा पुणे परगणा हा तिचा परमुलूख होता.

सरहद्दीपलीकडेही सगळे घेणे एकसारखे नव्हते, आणि इथे शब्दांची बारकाई पाहण्यासारखी आहे. ‘खंडणी’ हा शब्द घ्या. त्याच्या मुळाशी ‘खंडणे’, म्हणजे भाव किंवा रक्कम तोडून ठरवणे. शेत खंडाने देणे, कुळाने खंड भरणे या प्रयोगांत तो अर्थ अजून जिवंत आहे. खंडणी म्हणजे उभयपक्षी ठरलेली एकठोक रक्कम. ती कशाबद्दल, तर गावात फौज न शिरण्याबद्दल. जे गाव खंडणी ठरवते ते लुटले जात नाही. जे ठरवत नाही किंवा ठरवून मोडते ते लुटले जाते, ‘मारले’ जाते. बखरींच्या भाषेत शहर मारणे, मुलूख मारणे हे प्रयोग या दुसऱ्या अवस्थेचे आहेत. याशिवाय ‘घासदाणा’: अक्षरशः घोड्याचे गवत आणि दाणा, जो नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी निजामाच्या मुलखातून रोकड रकमेत घेण्याइतका नियमित कर होऊन बसला.

१६६४च्या जानेवारीतल्या सुरतेकडे या दृष्टीने पाहिले तर चित्र स्पष्ट होते. शहराजवळ आल्यावर महाराजांनी मोगल सुभेदार इनायतखान आणि विरजी व्होरा, हाजी सय्यद बेग यांच्यासारखे धनाढ्य व्यापारी यांनी येऊन रक्कम ठरवावी असा निरोप पाठवला. कोणी आले नाही. सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. त्यानंतर चार दिवस शहर लुटले गेले. १६७०च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच घडले. १६७२ साली सुरतेकडे गेलेल्या मागणीपत्राचा आशय असा होता की तुमच्या बादशहाने मला माझ्या देशाच्या रक्षणासाठी फौज बाळगायला भाग पाडले आहे, तेव्हा तिचा खर्च त्याच्या प्रजेने सोसावा. मुलूखगिरीचे याहून नेटके समर्थन त्या काळी दुसऱ्या कोणी केले असेल असे वाटत नाही. २०२४च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात ‘सुरत लुटली’ म्हणावे की नाही यावरून राजकीय वाद झाला. एका बाजूला ‘लूट’ शब्दात अवमान दिसला, दुसऱ्या बाजूला तो शब्द टाळण्यात इतिहासाची लपवाछपवी दिसली. दोन्ही बाजूंनी आजच्या फौजदारी कायद्यातली ‘लूट’ गृहीत धरली होती. सतराव्या शतकाच्या शब्दसंग्रहात ‘लूट’ ही खंडणी नाकारल्याची नेमकी, जाहीर परिणती होती. ती लपवण्याचे जुन्या लेखकांना कारण नव्हते. आणि ज्याचे घर जळले त्या सुरतकराला या संज्ञाभेदाने काही दिलासा मिळाला असता असेही नाही. या दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. वादात मात्र एकीच्या आडून दुसरी नाकारली जाते.

शाहूच्या काळात या साऱ्याला कागदाचे आवरण मिळाले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या: स्वराज्याची, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथ म्हणजे महसुलाचा चतुर्थांश, सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. यानंतर जी वाटणी झाली ती शब्दप्रेमी माणसाने एकदा तरी नजरेखालून घालावी. चौथाईतला चौथा हिस्सा ‘राजबाबती’ म्हणून राजाकडे. उरलेल्यातून शेकडा सहा ‘साहोत्रा’, शेकडा तीन ‘नाडगौडा’, आणि शिल्लक सहासष्ट टक्के ‘मोकासा’ म्हणून सरदारांकडे, ज्यांनी त्यातून फौज ठेवायची. पैसा अजून दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या रयतेच्या कणगीत आहे. पण त्याच्या वाटण्या होऊन त्यांना नावेही मिळाली आहेत. सरदाराच्या हाती आलेला मोकासा म्हणजे वसूल करण्याचा हक्क, आणि तो हक्क घोड्यावर बसून गेल्याखेरीज रुपयांत उतरत नाही. मराठ्यांना वर्षावर्षाला नर्मदेपार का जावे लागले याची मीमांसा कोणी शौर्याने करतो, कोणी हावेने. वाटणीचा हा तक्ता मला दोहोंपेक्षा अधिक बोलका वाटतो.

सनद नसलेल्या किंवा वादग्रस्त असलेल्या मुलखात काय झाले ते बंगालमध्ये दिसते. १७४२ साली रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरला, मागणी चौथाईची. पुढली नऊ वर्षे स्वाऱ्या चालू राहिल्या. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयाने खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, मराठे तिथवर गेलेही नाहीत, पण ‘मराठा डिच’ हे नाव राहिले. १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्कररामाला भेटीस बोलावून मानकरा येथे सरदारांसह मारले. १७५१च्या तहाने नवाबाने बारा लाख रुपये सालीना चौथ कबूल केली, ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे गेला, आणि स्वाऱ्या थांबल्या. आपल्या इतिहासग्रंथांत प्रकरण इथे संपते, आणि जमेच्या बाजूला संपते.

बंगालीत ते संपले नाही. तिथे या फौजेचे नाव ‘बर्गी’ पडले, आपल्या बारगिराचे बंगाली रूप. गंमत म्हणावी की विषाद मानावा कळत नाही: फौजेतला सर्वांत खालच्या दर्जाचा, स्वतःचा घोडाही नसलेला पगारी स्वार, त्याच्या नावाने एका प्रांताने आपले भय साठवून ठेवले. सेनापतीचे नाव अभ्यासकांपुरते राहिले, ‘बर्गी’ मात्र मुलांना झोपवण्याच्या गाण्यात जाऊन बसला. ज्यांच्या घरांत मराठी कधी ऐकू आली नाही त्यांनाही तो एक मराठी फौजी शब्द तान्हेपणी ठाऊक होतो. बर्गी आले की सरकारी सारा कशाने भरायचा, ही त्या गाण्यातली चिंता आहे. म्हणजे बंगाली कुणब्याला घटनेचे स्वरूप अचूक समजले होते: एकाच पिकावर दोन वसुल्या.

१७५१ साली गंगाराम या कवीने रचलेले ‘महाराष्ट्र पुराण’ हे या विषयावरचे माझ्या मते सर्वांत विलक्षण वाङ्मय आहे, आणि मराठीच्या अभ्यासक्रमांत त्याचा उल्लेखही क्वचित होतो. त्यात आरंभी मराठ्यांचे येणे हे दैवी योजनेचा भाग आहे. पृथ्वीला पापाचा भार झाला म्हणून शिवाच्या आज्ञेने शाहूच्या मनात चौथाईची प्रेरणा उत्पन्न होते. काव्य पुढे सरकते तशी गावे ओस पडतात. पळणाऱ्यांत पोथ्या घेतलेले पंडित आहेत, तराजू घेतलेले सोनार आहेत, कुणबी, कोळी, सगळ्या जातींची माणसे आहेत. बायकांवर अत्याचार होतात, आणि अखेर देवीच भास्कराची बाजू सोडते. भास्करराम काटव्याला दुर्गापूजा करीत असतानाच नवाबाने त्याच्यावर चाल केली आणि पूजा अर्धवट टाकून त्याला निघावे लागले, हा ऐतिहासिक प्रसंग कवीला आयता मिळाला होता. सभासदाने लिहिलेले निर्बंध आणि गंगारामाने पाहिलेली वस्तुस्थिती यांच्यात सुमारे अर्धे शतक आणि दीड हजार किलोमीटर आहेत. दोन्ही ग्रंथ एकाच अभ्यासपत्रिकेत असायला हवेत, एवढेच म्हणतो.

परमुलूख ही संज्ञा स्थळावर अवलंबून असते हे आपण पाहिले. अठराव्या शतकाच्या शेवटी ती सीमा घरात शिरली. १७९८ साली दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्याच सावकारांना आणि कारभाऱ्यांना छळून पैसा काढला. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुण्याच्या आसपासचा प्रदेश फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी धुऊन काढला. पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ आला, आणि त्याची तीव्रता पावसाइतकीच या फौजांनी वाढवली. भीमा-नीरेच्या काठचा कुणबी आता त्याच जागी उभा होता जिथे साठ वर्षांपूर्वी बर्दवानचा कुणबी होता. या प्रकाराला मुलूखगिरी म्हणायला मात्र कोणाची जीभ रेटली नाही. त्यासाठी दुसरे शब्द होते: दंगा, पळापळ, धामधूम. आज लग्नाची किंवा गणपतीची असणारी ‘धामधूम’ जुन्या कागदांत फौजांच्या उपद्रवाची असते. ‘भाऊगर्दी’ आपण लोकलगाडीच्या दारातल्या रेटारेटीला म्हणतो. तो शब्द १७६१च्या पानिपताशी, भाऊसाहेबांच्या फौजेच्या वाताहतीशी जोडला जातो. भय ओसरले की भाषा शब्दाची धार बोथट करून तो घरकामाला लावते, आणि ते साहजिकच आहे. पण सगळ्याच शब्दांच्या बाबतीत ती सारखी उदार नसते.

तिकडे काठियावाडात मुलूखगिरी हा शब्द रीतसर कार्यालयीन संज्ञा होऊन बसला होता. द्वीपकल्पातल्या लहानमोठ्या संस्थानिकांकडून पेशवे आणि गायकवाड यांची खंडणी गोळा करायला फौज जाई, तीच मुलूखगिरी. पीक शेतात उभे असताना फौज येई. कारण तेव्हा गढीत बसलेल्या गिरासदाराला तटबंदीपेक्षा शेताची काळजी जास्त. तटाला हात न लावता केवळ घोडे चरायला सोडण्याची धमकी पुरे. रक्कम कागदावर जुनी; पण फौजेचा खर्च, दरबारी खर्च, विलंबाचा दंड मिळून ती दर खेपेला फुगे. अलेक्झांडर फोर्ब्सच्या ‘रासमाला’ या १८५६च्या ग्रंथात गुजरातच्या बाजूने या मुलूखगिरीची हकिकत येते. गुजराती इतिहासलेखनाला हा शब्द परका नाही. आपण तो त्यांना दिला आणि त्यांच्याकडे त्याला भटकंतीचा अर्थ कधी चिकटला नाही.

१८०७ साली कंपनीचा कर्नल वॉकर आणि गायकवाडांची फौज मोरबीजवळ घुंटू येथे तळ देऊन बसली. एकेका तालुकदाराकडून कायमच्या रकमेचे करारनामे लिहून घेण्यात आले, वागणुकीबद्दल जामीन घेतले गेले, आणि दरसालची मुलूखगिरी बंद झाली. १८२०मध्ये गायकवाडांनी काठियावाडात फौज न पाठवण्याचे कबूल केले. त्यांचा पैसा कंपनी वसूल करून त्यांना देऊ लागली. इंग्रज ग्रंथकारांनी हा प्रसंग अराजकाच्या अंताचा म्हणून गौरवला. शेतकऱ्याच्या दृष्टीने घोडे पिकात शिरायचे थांबले ही गोष्ट सामान्य नव्हे. तिला हसण्याचे कारण नाही. पण रक्कम तीच होती. मुलूखगिरीच्या जोरावर ठरलेला आकडा करारात कायम झाला आणि पुढे पिढ्यानपिढ्या राजकोटच्या कचेरीत जमा होत राहिला. त्याला आता कोणी लूट म्हणेना. ज्यांनी हिंदुस्थानी ‘लूट’ शब्द उचलून आपल्या कोशात घातला त्या मंडळींनी प्लासीनंतर मुर्शिदाबादेहून नावा भरून नेलेल्या रुपयांना बक्षिसी आणि नुकसानभरपाई अशी नावे दिली होती, हे इथे नुसते आठवून पुढे जाऊ.

शब्दाच्या पुढच्या इतिहासात इंग्रज इतिहासकारांना दिलेल्या उत्तरांचा वाटा आहे. ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासाने मराठी राज्याच्या उदयाला लुटीच्या सवयीशी जोडले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत त्याच्यावर जी टीका लिहिली तिथपासून मराठी इतिहाससंशोधनाचा स्वाभिमान सुरू होतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००च्या ग्रंथात चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली: दोन्हींत संरक्षणाच्या मोबदल्यात पैसा. ही तुलना दुधारी आहे हे रानड्यांसारख्या माणसाला समजले नसेल असे कसे म्हणावे? पण नंतरच्यांनी तिची एकच धार वापरली. शाळेच्या पुस्तकांत मुलूखगिरी ‘साम्राज्यविस्तार’ झाली, अटकेपार झेंडे लागले, आणि झेंड्यामागून चालणारा वसुलीचा कारकून चित्रातून बाहेर गेला. कारकून गेल्यावर राहिला तो घोडा आणि दौड. दौडीतून भटकंतीत यायला शब्दाला फार लांब जावे लागले नाही.

याच प्रवासात खंडणीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. खंडणी आणि मुलूखगिरी हे एकाच व्यवहाराचे दोन शब्द: एक घेणाऱ्याच्या हालचालीचा, दुसरा देणाऱ्याच्या रकमेचा. आज पहिला सहलीच्या लेखांत आहे आणि दुसरा गुन्हेगारीच्या बातम्यांत. पोलिसांचे खंडणीविरोधी पथक असते. ज्या शब्दात आपण चालत होतो तो आपण उजळून ठेवला, आणि ज्यात दुसरा पैसे मोजत होता तो काळवंडू दिला. ‘लुटणे’ हे क्रियापद या दोहोंच्या मध्ये लोंबकळते. दरोडेखोरही लुटतो आणि आपणही मजा लुटतो, दसऱ्याला आपट्याची पाने देऊन सोने लुटतो. त्या सोन्याची कथाही या विषयाशी फटकून नाही. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हवे होते, रघूचा खजिना यज्ञात रिता झाला होता, म्हणून त्याने कुबेरावर चालून जाण्याची तयारी केली. आणि स्वारी निघण्याआधीच कुबेराने सुवर्णवृष्टी केली. हा भाग कालिदासाच्या रघुवंशातला. ती वृष्टी झाडावर झाली आणि उरलेले सोने लोकांनी लुटले ही लोककथेची भर. दसरा म्हणजे फौजा बाहेर पडण्याचा दिवस. त्या दिवसासाठी लोकांनी निवडलेली कथा ही स्वारीपूर्वी पोहोचलेल्या खंडणीची आहे, हा योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

आता तळटिपेकडे परत येतो. बखरीतला किंवा पत्रातला ‘मुलूखगिरी’ हा शब्द समजावताना एका प्रतिशब्दाने भागणार नाही. त्या वाक्यात मुलूख कोणाचा आहे, तिथे सनद आहे की नुसती मागणी, रक्कम ठरली आहे की ठरायची आहे, आणि हंगाम कोणता आहे, एवढे पाहिले तरी तिथली मुलूखगिरी वसुलीकडे झुकते की लुटीकडे हे सांगता येते. कित्येक पत्रांत हे चारही तपशील शेजारच्याच ओळींत असतात; पेशवे दप्तरातली गुजरात आणि माळव्याची पत्रे या दृष्टीने वाचून पाहावीत. जिथे नसतात तिथे तळटिपेत तसे लिहावे. आणि बंगालच्या स्वाऱ्यांचा संदर्भ आला तर त्याच टिपेत ‘बर्गी’ हा शब्द, त्याच्या मराठी मुळासह, द्यावा.